नेटवर्क कार्डाचा आयआरक्यू कॉन्फ्लिक्ट, लिनक्सवरचा

एका पीसीत दोन कार्डांनी एकच इंटरप्ट लाइन (प्रोसेसरला हाक मारायची तार, तिचा नंबर म्हणजे आयआरक्यू) किंवा एकच आयओ पत्ता (प्रोसेसर ज्या पोर्टांवरून कार्डाशी बोलतो तो) धरला की जे भांडण लागतं ते. मुख्यतः आयएसए बसच्या, म्हणजे पीसीतल्या जुन्या कार्ड-स्लॉटांच्या काळातला, साधारण ९०च्या दशकातला त्रास. ठरलेलं उदाहरण म्हणजे नॉव्हेलचं एनई२००० हे नेटवर्क कार्ड आणि त्याच्या असंख्य स्वस्त नकला. बहुतेकांचा जम्पर (नंबर निवडायची छोटी पिन-जोडणी) आयआरक्यू ३ वर असायचा आणि कॉम२ हा सिरियल पोर्टही तिथेच, त्यामुळे मोडेम लावलं की नेटवर्क गेलं. पत्त्याचीही तीच गत, कार्ड ३६० हेक्सवर ठेवलं तर त्याचे ३२ पोर्ट ३७८ वर बसलेल्या प्रिंटर पोर्टाला गिळतात.

आयएसएवर लाइन वाटून का घेता येत नाही याची दोन कारणं सांगतात. एक, इंटरप्ट एज-ट्रिगर्ड आहे, म्हणजे पातळी चढते त्या क्षणीच मोजला जातो, दुसऱ्या कार्डाने तेव्हाच हाक मारली तर ती हरवते. दुसरं, बरीच कार्डं लाइन स्वतःच खाली दाबून धरतात मग दुसऱ्याला ती वर नेता येत नाही. दोन्ही खरी, पण एकाच लाइनवर दोन कार्डं लावताच दुसरं मुकं होतं त्याला दुसरं कारण जास्त जुळतं.

आयआरक्यू २ आणि ९ चा गोंधळ वेगळाच. १९८४च्या पीसी एटीत इंटरप्ट सांभाळणारी दुसरी ८२५९ चिप आली, ती पहिलीला आयआरक्यू २ वरून जोडली, आणि स्लॉटातली जुनी २ ची पिन ९ ला गेली. म्हणून कार्डावर २ छापलेलं असलं तरी लिनक्सला ९ सांगायचं. लिनक्सच्या एनई ड्रायव्हरच्या (एनई२००० चालवणाऱ्या) कोडमध्ये तर २ आलं की गुपचूप ९ करून टाकतात, लोक चुकतात हे गृहीतच धरलंय!

ओळखायचं कसं, तर इंटरफेस वर आणायचा आणि मग /प्रॉक/इंटरप्ट्स ही कोणती लाइन कोणाकडे आहे ती यादी बघायची. आधी बघून उपयोग नाही, कारण बहुतेक ड्रायव्हर लाइन तेव्हाच मागतात. लाइन दुसऱ्याकडे असेल तर ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ येतं. आयआरक्यूच चुकीचा दिला असेल तर इंटरफेस वर येतो, पिंग सुटतात, उत्तर नाही, आणि त्या यादीत एथ० (पहिला नेटवर्क इंटरफेस) समोरचा आकडा शून्यावर अडकलेला. आयओ पत्त्यांसाठी /प्रॉक/आयओपोर्ट्स. ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून लोड करताना पत्ता आपणच द्यावा, ऑटोप्रोब (ड्रायव्हरने कार्ड स्वतः शोधणं) दुसऱ्याच कार्डाचे पोर्ट चाचपून मशीन लटकवू शकतो. प्लग अँड प्ले (जम्परऐवजी सॉफ्टवेअरने सेट होणाऱ्या) कार्डांना पूर्वी आयएसएपीएनपी टूल्स लागायची, २.४ कर्नलपासून ते काम आतच होतं.

आयएसएनंतरच्या पीसीआय बसवर लाइन वाटता येते. तरी ‘नोबडी केअर्ड’ हा मेसेज दिसतो: एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० हून जास्त बेवारस निघाले की कर्नल ती लाइनच बंद करतो. तात्पुरता उपाय, आयआरक्यूपोल हा बूट पर्याय. एमएसआय (तारेऐवजी मेसेज पाठवून इंटरप्ट देणं) वापरणाऱ्या कार्डांना वेगळी लाइनच लागत नाही.