दुव्यांचे अधोरेखन
वेबपानावरील सलग मजकुरातला दुवा नुसत्या रंगावर न विसंबता ओळखता यावा म्हणून त्याला दिलेली दृश्य खूण. अधोरेखा ही त्यांतली सर्वांत खात्रीची.

दुव्याच्या निळ्या रंगाचे मूळ वादग्रस्त आहे. मेरिलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्या गटाने १९८० च्या दशकात घडविलेल्या हायपरटाईज या हायपरटेक्स्ट प्रणालीत दुवे फिकट निळे असत. काही जण श्रेय तिला देतात. मात्र एप्रिल १९९३ च्या सुमारास मोझॅइक ब्राउझरमध्ये न पाहिलेला दुवा निळा व सलग रेघेचा, तर पाहिलेला जांभळा व तुटक रेघेचा झाला. आजचा प्रघात तिथून आला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. टिम बर्नर्स-ली यांच्या पहिल्या ब्राउझरचा पडदा करड्या छटांचा होता. म्हणजे रेघ रंगाच्या आधीची. ती पुढे शोभेसाठी काढली गेली आणि अडचण तिथेच सुरू झाली.

डब्ल्यूसीएजी २.० (२००८) या वेब-सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतील निकष १.४.१ केवळ रंगाने अर्थ सांगण्यास मनाई करतो. रेघ नको असल्यास दुवा व भोवतालचा मजकूर यांत किमान ३:१ कॉन्ट्रास्ट (उजळपणाच्या फरकाचे गुणोत्तर), शिवाय माउस किंवा कीबोर्डचा फोकस येताच दिसणारी वेगळी खूण, असे तंत्र सुचविलेले आहे. हा हिशेब वाटतो तितका सोपा नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळा मजकूर (२१:१) असेल, तर दुव्याचा पांढऱ्याशी कॉन्ट्रास्ट ४.५ ते ७ यांच्या मध्येच हवा: वाचता येण्यासाठी किमान ४.५, आणि काळ्यापासून ३:१ वेगळा राहण्यासाठी कमाल ७. ब्राउझरचा मूळ निळा ९.४ वर आहे. काळ्याशी त्याचा कॉन्ट्रास्ट जेमतेम २.२ भरतो, म्हणून रेघ काढताच तो नापास होतो. मजकूर #३३३३३३ असा गडद करडा (१२.६:१) केला, तर कोणताच रंग दोन्ही अटी पाळू शकत नाही. मोबाइलवर माउस नसल्याने फोकसची खूणही बहुधा दिसत नाही. लाल रंगाचा दुवा तर लाल-अंध वाचकाला जवळपास काळाच भासतो.

देवनागरीत रेघेची वेगळी पंचाईत होते. ‘पुस्तक’, ‘कृती’, ‘मूळ’ यांतले उकार-ऋकार रेघेला भिडतात. ब्राउझर तिथे रेघ तोडतो आणि ‘कुटुंब’सारख्या शब्दाखाली तिचे तुकडेच उरतात. टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट (रेघ अक्षरांपासून किती खाली हे ठरविणारा सीएसएस गुणधर्म) ०.२५ ते ०.३ एम (एक एम म्हणजे फॉन्टचा आकार) ठेवून ओळींमधले अंतर १.६ पट किंवा अधिक केल्यास रेघ मोकळी राहते. नेमके माप फॉन्टवर तपासावे. रेघेऐवजी तिरपी अक्षरे वापरू नयेत, देवनागरीत ती नीट उठून दिसत नाहीत.

मेनूतील दुवे जागेवरूनच ओळखू येतात. तिथे रेघ नसली तरी चालते.