कार्डावरच्या आकड्यांमागचा इतिहास

कॅमेऱ्यात फोटो साठवणाऱ्या मेमरी कार्डांपैकी कॉम्पॅक्टफ्लॅश १९९४ चे, एसडी १९९९ चे. स्मार्टमीडिया, मेमरी स्टिक, एक्सडी ही त्याच सुमाराची कार्डे आता मोडीत निघाली आहेत. तेव्हा निवड अशी नव्हतीच. कॅमेऱ्यात जे बसेल ते घ्यायचे. बहुतेक कॅमेरे एसडीवर आले, तेव्हा आकाराचा प्रश्न मिटला आणि कार्डावर काय छापले आहे हा प्रश्न उभा राहिला.

क्षमतेचे टप्पे सरळ आहेत. एसडीएचसी (२००६) ३२ जीबीपर्यंत, एसडीएक्ससी (२००९) २ टीबीपर्यंत. नव्या कॅमेऱ्यात जुने कार्ड चालते, जुन्यात नवे चालेलच असे नाही.

वेगाचे तसे नाही. आधी ‘एक्स’ होता: सीडीचा मूळ वेग, सेकंदाला १५० किलोबाइट, त्याच्या किती पट. १३३ एक्स म्हणजे साधारण २० मेगाबाइट. पण हा वेग वाचनाचा की लेखनाचा, हे त्यातून कळत नसे. २००६ मध्ये आलेल्या ‘क्लास’ या वेगश्रेणीने प्रथमच किमान सलग लेखनवेगाची हमी दिली, आणि या साऱ्या इतिहासातला सर्वांत ग्राहकहिताचा निर्णय हाच. २००८ पासून डीएसएलआर (लेन्स बदलता येणारे, आरशाचे कॅमेरे) व्हिडिओ घेऊ लागले आणि या हमीची किंमत कळली. फोटो बफरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या साठ्यात, थांबू शकतो, लांबलचक चित्रीकरण नाही.

मग यूएचएस हा एसडी कार्डांचा अधिक वेगवान प्रकार आला आणि गुंता झाला. रोमन एक (यूएचएस-१) म्हणजे बसची, म्हणजे कार्ड आणि कॅमेरा यांच्यातल्या मार्गाची, कमाल मर्यादा, सेकंदाला १०४ मेगाबाइट. इंग्रजी यू अक्षरातला १ म्हणजे लेखनाचा किमान वेग, १० मेगाबाइट. दोन्ही चिन्हे शेजारी शेजारी, अर्थ वेगळे. २०१६ मध्ये व्हिडिओसाठी व्ही श्रेणी आली, तरी जुनी चिन्हे काढली नाहीत. त्यामुळे एकाच कार्डावर क्लास १०, यू ३ आणि व्ही ३० असतात. शेवटचे दोन्ही ३० मेगाबाइटचीच हमी देतात. जुनी चिन्हे तेव्हाच रद्द करायला हवी होती. त्यात सर्वांत ठळक छापतात तो १७० सारखा आकडा. तो वाचनाचा, आणि यूएचएस-१ कार्डावर तो खास रीडरशिवाय मिळत नाही.

कॅमेऱ्याचे आकडे मेगाबिटमध्ये असतात, हेही लक्षात घ्यावे लागते. आठाने भागले की १०० मेगाबिटच्या फोर-के व्हिडिओला १२.५ मेगाबाइट पुरतात, व्ही ३० भरपूर झाले. ४०० मेगाबिटला ५० लागतात, तिथे व्ही ६० हवे.

त्यापुढच्या कामासाठी २०१७ मध्ये सीएफएक्सप्रेस हे कार्ड आले. त्याचे टाइप बी एक्सक्यूडी या आधीच्या कार्डाच्या आकाराचे, टाइप ए त्याहून लहान. एकाच्या खाचेत दुसरे बसत नाही. काही कॅमेऱ्यांत मात्र टाइप ए आणि एसडी दोन्ही घेणारी एकच खाच आहे.