पाय निघत नाही की जागा चुकते? ट्रेडआधीची घसरण आणि ट्रेडनंतरची घसरण

एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, जानेवारी सरत आला की बरा चाललेला एखादा संघ लागोपाठ हरू लागतो. त्याच सुमारास त्याच्या तीन-चार खेळाडूंची नावं ट्रेडच्या, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या, बातम्यांत फिरत असतात. मग निदान तयारच असतं: ट्रेडमुळे लक्ष उडालंय. ट्रेड होऊन गेल्यावर, मार्चमध्ये, संघ हरला तरी हेच वाक्य ऐकू येतं. पण ही दोन दुखणी वेगळी आहेत. पहिल्यात खेळाडूला कुठे पोहोचायचं ते पक्कं ठाऊक असतं, पण पाय उशिरा निघतो. दुसऱ्यात पाय वेळेवर निघतो, पण जागा चुकते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, कारण दोन्हीकडे समोरचा खेळाडू मोकळा सुटतो आणि बास्केट होतो.

आयपीएल पाहणाऱ्याला एक फरक आधी ध्यानात घ्यावा लागेल. हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईकडे आला तो नोव्हेंबर २०२३ मध्ये, आणि हंगाम सुरू झाला मार्चमध्ये. एनबीएत अदलाबदल भर हंगामात होते. प्रत्येक संघाचे ८२ सामने असतात आणि त्यातले पन्नासेक झाल्यावर, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, ट्रेडची डेडलाइन, म्हणजे शेवटची मुदत, येते. वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी ३ची, म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीड. मोजक्या करारांत खेळाडूला नकाराचा हक्क असतो. बाकीच्यांना कुणी विचारत नाही. ६ फेब्रुवारी २०१९ रोजी हॅरिसन बार्न्स डॅलसकडून शार्लटविरुद्ध खेळत होता आणि सामना संपायच्या आतच तो सॅक्रामेंटोचा झाला होता. मुलांची शाळा, भाड्याचं घर, जोडीदाराची नोकरी हे सगळं काही तासांत दुसऱ्या शहरात हलवायचं असतं. अशा वेळी ‘व्यावसायिक आहात, खेळावर लक्ष द्या’ म्हणणं सोपं असतं.

यात सगळ्यात जास्त कोण हलतं? बातमीच्या मथळ्यात असलेला तारा नव्हे. वेतनमर्यादेच्या (संघाच्या एकूण पगारावर लीगने घातलेल्या मर्यादेच्या) वर असलेल्या संघांना ट्रेडमध्ये दोन्ही बाजूंचे पगार ठरावीक प्रमाणात जुळवावे लागतात. चार कोटी डॉलरचा खेळाडू आणायचा तर तेवढ्याच्या आसपास पगार बाहेर जावा लागतो, आणि तो जमतो मधल्या पगाराच्या दोन-तीन खेळाडूंना एकत्र बांधून. त्यांच्या सोबतीला स्वस्त करारावरचे तरुण आणि ड्राफ्टमधल्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या) पुढच्या निवडी. म्हणून नाव एका ताऱ्याचं येतं आणि झोप चौघा-पाचांची उडते. बचावातली अंगमेहनतीची कामं बहुतेक वेळा हेच चौघे-पाच करतात, त्यामुळे घसरण आधी तिथेच दिसते.

लेकर्सचा २०१९ चा हंगाम याचं सर्वात उघड उदाहरण म्हणून नेहमी सांगितला जातो. २८ जानेवारीला अँथनी डेव्हिसच्या एजंटने त्याच्या तेव्हाच्या संघाकडे, न्यू ऑर्लीन्सकडे, ट्रेडची जाहीर मागणी केली. ती जाहीरपणे केल्याबद्दल लीगने डेव्हिसला ५०,००० डॉलरचा दंडही ठोठावला. लेकर्स त्याच्या बदल्यात कुणाला देणार याच्या बातम्यांत ब्रँडन इन्ग्रम, लॉन्झो बॉल, काइल कुझ्मा, जॉश हार्ट ही तरुण फळी जवळजवळ पूर्ण होती. ५ फेब्रुवारीला इंडियानात लेकर्स ९४ विरुद्ध १३६ असे हरले. ४२ गुणांचा तो पराभव लेकर्सचा तारा लेब्रॉन जेम्स याच्या तोवरच्या कारकिर्दीतला सर्वात मोठा होता. इन्ग्रम फ्री थ्रो घ्यायला उभा राहिला की प्रेक्षक ओरडत होते, ‘लेब्रॉन तुला विकणार!’ दोनच दिवसांनी डेडलाइन उलटून गेली, डेव्हिस आला नाही, आणि त्याच रात्री बोस्टनमध्ये राजॉन रॉन्डोच्या शेवटच्या क्षणाच्या बास्केटवर लेकर्स १२९-१२८ जिंकले.

गोष्ट इथे थांबवली तर ती फार सोयीची होते. त्या विजयानंतर लेकर्सच्या खात्यात २८ विजय आणि २७ पराभव होते. हंगाम संपला ३७-४५ वर. म्हणजे टांगती तलवार गेल्यावरच्या २७ सामन्यांत त्यांनी ९ जिंकले आणि १८ हरले. कारण दुखापतीत होतं. त्याआधी, २०१८ च्या नाताळच्या दिवशी, लेब्रॉनची जांघ दुखावली तेव्हा संघ २०-१४ होता. तो सलग १७ सामने बसला. जानेवारीत लॉन्झोचा घोटा गेला, मार्चमध्ये इन्ग्रमच्या दंडात रक्ताची गाठ निघाली. इंडियानातली ती एक रात्र अफवांच्या खात्यावर टाकता येईल, पण सगळा हंगाम टाकता येत नाही.

आता दुसरं दुखणं. डॅलसने फेब्रुवारी २०२३ मध्ये कायरी अर्विंगला आणलं तेव्हा संघ २८-२६ होता. शेवट ३८-४४. लुका डॉन्चिच आणि अर्विंग दोघे एकत्र खेळले त्या १६ सामन्यांत ५ विजय आणि ११ पराभव. इथे लक्ष उडाल्याचं खापर कुणावर फोडता येत नाही. दोघेही चेंडू हातात ठेवून खेळ रचणारे; एकाच्या हातात चेंडू असताना दुसऱ्याने नेमकं कुठे उभं राहायचं आणि कधी धावायचं हे सरावातच ठरतं, आणि आठवड्याला तीन-चार सामने असताना पूर्ण सराव क्वचितच मिळतो. शिवाय डोरियन फिनी-स्मिथ गेला, म्हणजे समोरच्या सर्वोत्तम खेळाडूला अंगावर घेणारा माणूस गेला. ही पोकळी कितीही जुळवून घेतलं तरी भरत नाही, तिथे माणूसच हवा. पुढच्या वर्षी, ८ फेब्रुवारी २०२४ ला, त्याच डॅलसने डॅनियल गॅफर्ड आणि पी. जे. वॉशिंग्टन यांना भर हंगामात आणलं, ५० सामने जिंकले आणि अंतिम फेरी गाठली. दोघांची कामं सुटसुटीत होती. गॅफर्डने स्क्रीन लावायचा (बचावपटूच्या वाटेत उभं राहून त्याला अडवायचं), रिंगकडे धावायचं आणि वर फेकलेला चेंडू आत घालायचा. वॉशिंग्टनने कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट मारायचा आणि बचाव करायचा. नवा माणूस चेंडू मागणारा असेल तर जुळायला वेळ लागतो, चेंडूविना खेळणारा असेल तर फार कमी.

बचावात जुळवून घेणं त्याहून अवघड असतं, आणि टीव्हीवर ते कमी दिसतं. पिक-अँड-रोल (साथीदाराने स्क्रीन लावून लगेच रिंगकडे धावण्याची चाल) थांबवायच्या रीती सगळीकडे त्याच आहेत: उंच खेळाडूने मागे रिंगपाशी थांबायचं, दोघांनी आपापले प्रतिस्पर्धी बदलायचे, किंवा दोघांनी मिळून चेंडूवाल्यावर तुटून पडायचं. पण प्रत्येक संघाची हाक वेगळी, आणि त्या दोघांच्या मागे बाकीच्या तिघांनी कुठे सरकायचं तेही वेगळं. पाच वर्षं एका हाकेवर मागे थांबलेला सेंटर नव्या संघात त्याच प्रसंगात पुढे यायचं असताना अर्धा सेकंद अडखळतो. तेवढ्यात पास निघून गेलेला असतो.

सामना पाहताना ओळखायचं कसं? आपल्या संघाचा शॉट चुकला की चेंडू पाहू नका, त्या पाच जणांचे पाय पाहा. लगेच वळून मागे पळतात का? हे कुठल्याही प्रशिक्षकाच्या योजनेत सारखंच असतं, ते शिकायला सराव लागत नाही. इथे ढिलाई असेल तर दुखणं पहिलं. रिबाउंडच्या वेळी प्रतिस्पर्ध्याला पाठीने अडवून धरतात की नुसतं वर बघतात, जमिनीवरच्या चेंडूसाठी कोण झेप घेतं, हेही तसंच. उलट, दोन बचावपटू जीव तोडून एकाच शूटरकडे धावले आणि दुसरा कोपऱ्यात एकटा राहिला तर दुखणं दुसरं. पास रिकाम्या जागी गेला आणि दोघे एकमेकांकडे हात पसरून बघू लागले, तेही दुसरंच. पहिल्यात बहुधा कुणी कुणाकडे बघतही नाही.

निष्कर्ष काढण्याआधी दोन गोष्टी वजा करा. एक, प्रतिस्पर्ध्यांचे तीन गुणांचे शॉट. हात वर करून अडवलेले शॉटही चार-पाच सामने धडाधड पडत राहू शकतात. तो निव्वळ योग असतो. दोन, माणसांची संख्या. ट्रेड ठरला पण वैद्यकीय तपासणी आणि मंजुरी बाकी असेल तर जाणाऱ्याला बसवून ठेवतात आणि येणारा अजून पोहोचलेला नसतो. त्या एक-दोन सामन्यांत आठ-नऊ जणांवर भार पडतो आणि चौथ्या क्वार्टरला धाप लागते. थकलेला पाय आणि मन नसलेला पाय दिसायला सारखाच. फरक इतकाच की थकलेला पहिल्या क्वार्टरमध्ये ठीक असतो.

उपायांची गल्लत झाली की नुकसान वाढतं. अफवांनी हललेल्या संघाला जादा सराव आणि नव्या चाली देणं व्यर्थ. त्यांना चाली येतातच. तिथे जनरल मॅनेजरने त्या खेळाडूशी आणि त्याच्या एजंटशी खरं ते बोलावं. ‘तुझं नाव चर्चेत आहे’ हे वर्तमानपत्रातून कळण्यापेक्षा समोर बसून कळलेलं बरं. ‘तू कुठेही जात नाहीस’ असं सांगून आठवड्याने विकलं तर उरलेल्यांचा विश्वासही जातो, आणि तो डेडलाइननंतर परत येत नाही. जुळणीच्या दुखण्यात मात्र जिद्दीवरची भाषणं कुचकामी. चाली कमी करा, बचावाची एकच रीत आधी पक्की करा, नव्या माणसाला जुन्या संघातल्या हाका नव्या नावांशी जोडून लिहून द्या, आणि त्याला सुरुवातीला अशा चौघांबरोबर खेळवा ज्यांच्यातला एक तरी सतत बोलतो.

पहिलं दुखणं आणि दुखापत एकापाठोपाठ पाहायची असतील तर ह्यूस्टनचा २०२१ चा हंगाम काढून बघा. जेम्स हार्डनला जायचं होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. १२ जानेवारीला तो पत्रकारांसमोर म्हणाला की हे आता दुरुस्त होईल असं वाटत नाही. तेव्हा संघ ३-६ होता. पुढच्या दोन दिवसांत तो ब्रुकलिनला गेला. लीगमधला एक सर्वोत्तम गुणवीर गेल्यावर, नवे खेळाडू अजून रुळत असताना, पुढच्या १२ सामन्यांत ह्यूस्टनने ८ जिंकले. मग ४ फेब्रुवारीला सेंटर ख्रिश्चन वुडचा घोटा मुरगळला, आणि ११-१० वर असलेला तो संघ सलग २० सामने हरला.