कुकीतली कार्ट आणि कुकीने ओळखलेली कार्ट

ऑनलाइन दुकान बांधणाऱ्यांच्या बोलण्यात ‘आमची कार्ट कुकीवर चालते’ हे वाक्य वारंवार येते, परंतु ते ज्या दोन व्यवस्थांना लावले जाते त्या मुळातच भिन्न आहेत. एका व्यवस्थेत ग्राहकाने निवडलेल्या वस्तूंची यादीच कुकीमध्ये, म्हणजे ब्राउझरने दुकानाच्या वतीने ग्राहकाच्या संगणकावर जपलेल्या छोट्या नोंदीत, लिहिलेली असते. दुसरीत ती यादी दुकानाच्या सर्व्हरवर असते आणि कुकीमध्ये असतो तो केवळ त्या यादीचा ओळखक्रमांक. पहिलीत ग्राहक आपली पिशवी स्वतः घेऊन फिरतो, दुसरीत पिशवी दुकानात ठेवून तिचा बिल्ला तेवढा जवळ बाळगतो. पडद्यावर दोन्ही कार्ट सारख्याच दिसत असल्यामुळे हा फरक बहुधा काहीतरी बिघडल्यावरच लक्षात येतो.

कुकीची गरज पडते, कारण एचटीटीपीला, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संवादाच्या नियमावलीला, स्मरण नाही. ब्राउझरने पाठवलेली प्रत्येक विनंती सर्व्हरच्या दृष्टीने नवी असते आणि मघाशी वस्तू निवडणारा ग्राहक हाच, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकीची कल्पना मांडली, तीही खरेदीच्याच निमित्ताने. एमसीआय या दूरसंचार कंपनीला अर्धवट राहिलेल्या व्यवहारांची माहिती स्वतःच्या सर्व्हरवर सांभाळायची नव्हती, म्हणून ती ग्राहकाच्याच संगणकावर ठेवण्याचा मार्ग शोधला गेला. म्हणजे मूळ प्रेरणा पिशवीची होती. बिल्ल्याची पद्धत आज अधिक रूढ असली तरी पहिली पद्धत चुकीची किंवा अडाणी म्हणून मोडीत काढण्याचे कारण नाही.

पिशवीची पहिली मर्यादा आकाराची आहे. २०११ च्या आरएफसी ६२६५ या मानकानुसार ब्राउझरने एका कुकीसाठी किमान ४,०९६ बाइटची सोय करावी, अशी अपेक्षा आहे आणि प्रचलित ब्राउझर साधारण तेवढ्यावरच थांबतात. वस्तूचा क्रमांक आणि नगसंख्या एवढेच लिहिले तर ही जागा पुष्कळ होते. वस्तूंची नावे लिहू लागलो की ती पाहता पाहता संपते, आणि देवनागरीत तर फारच लवकर, कारण देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेते आणि कुकीत सुरक्षितपणे बसवण्यासाठी त्याचे टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात रूपांतर केले की त्याच चिन्हाचे ९ बाइट होतात. काना, मात्रा, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हे मोजली जातात, त्यामुळे संपूर्ण कुकीत अशी जेमतेम साडेचारशे चिन्हे मावतात. मर्यादा ओलांडणारी कुकी ब्राउझर सहसा मुकाट्याने नाकारतो. नव्याने टाकलेली वस्तू कार्टमध्ये दिसतच नाही आणि ग्राहकाला त्याचे कारणही कळत नाही. शिवाय कुकी दुकानाच्या डोमेनकडे, म्हणजे वेब पत्त्याकडे, जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक विनंतीबरोबर जाते. ३ किलोबाइटची कुकी असेल आणि एका पानासाठी चित्रांसह ४० विनंत्या जात असतील, तर एचटीटीपीच्या जुन्या आवृत्तीवर केवळ कार्टची यादी पुन्हा पुन्हा कळवण्यात १२० किलोबाइट खर्ची पडतात.

त्याहून गंभीर प्रश्न विश्वासाचा आहे. कुकी ग्राहकाच्या संगणकावर असते आणि तिच्यातील मजकूर कोणालाही हवा तसा बदलता येतो. म्हणून वस्तूची किंमत कुकीत लिहून हिशेबाच्या वेळी तिच्यावर विसंबणे ही अक्षम्य चूक आहे; किंमत प्रत्येक वेळी दुकानाच्या डेटाबेसमधूनच घेतली पाहिजे. कुकीवर गुप्त किल्लीने स्वाक्षरी करण्याचा उपाय सुचवला जातो आणि तो उपयुक्तही आहे, मात्र त्याने फेरफार उघडकीस येतो, मजकूर झाकला जात नाही. स्वाक्षरीत मुदतही बांधलेली नसेल, तर किंमत वाढण्यापूर्वीची, रीतसर स्वाक्षरी असलेली जुनी कुकी जपून ठेवून ती नंतर सादर करणाऱ्याला स्वाक्षरी अडवू शकत नाही.

बिल्ल्याच्या व्यवस्थेत आकाराची अडचण राहत नाही आणि किंमत ग्राहकाच्या हाती जात नाही, पण धोका बिल्ल्याकडे सरकतो. ज्याच्या हाती ओळखक्रमांक पडला, त्याच्या हाती कार्ट आली. म्हणून तो क्रमांक अनुक्रमाने दिलेला नसावा, तर अंदाज बांधता येणार नाही इतका लांब आणि यादृच्छिक असावा. पानावर चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेतील प्रोग्रामला तो वाचता येऊ नये म्हणून कुकीवर ‘एचटीटीपीओन्ली’ हा गुणधर्म लावावा, ती सुरक्षित जोडणीवरूनच जावी म्हणून ‘सिक्युअर’ लावावा आणि लॉगिन होताच जुना क्रमांक रद्द करून नवा द्यावा.

सर्वाधिक गोंधळ मात्र आयुष्याबाबत होतो. मुदत न घातलेल्या कुकीला सेशन कुकी म्हणतात आणि सर्व्हरवर साठवलेल्या माहितीलाही सेशन म्हणतात, परंतु दोहोंची आयुष्ये स्वतंत्र असतात. पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेच्या मूळ मांडणीत १,४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे, हालचाल झाली नाही की सर्व्हरवरील सेशन साफसफाईस पात्र ठरते. ग्राहक तासाभराने परततो, बिल्ला त्याच्या खिशात शाबूत असतो आणि पिशवी फेकली गेलेली असते. उलट ग्राहकाने कुकी पुसल्या तर पिशवी सर्व्हरवर जागच्या जागी राहते, पण तिच्याकडे बोट दाखवणारे कोणी उरत नाही. ग्राहकाला दोन्ही वेळी रिकामी कार्टच दिसते; दुरुस्ती मात्र पहिल्या बाबतीत सर्व्हरच्या मांडणीत करावी लागते आणि दुसऱ्या बाबतीत ग्राहकाने लॉगिन केलेले नसेल तर करण्यासारखे फारसे काही नसते. कुकीची मुदत मनाला येईल तितकी लांबवता येते, हाही समज आता खरा नाही. क्रोमने २०२२ पासून ती जास्तीत जास्त ४०० दिवसांवर आणली आहे आणि जावास्क्रिप्टने लिहिलेली कुकी सफारी ७ दिवसांच्या पुढे ठेवत नाही.

वस्तू मोजक्या आणि लॉगिनची सोय नाही, अशा छोट्या दुकानाला क्रमांक व नगसंख्या लिहिलेली कुकी पुरते आणि सर्व्हरवरचा भारही वाचतो, असे माझे मत आहे. ग्राहक दोन टॅब उघडून खरेदी करू लागला की तिची कमजोरी दिसते: दोन्ही टॅबनी जुनीच यादी वाचून आपापली वस्तू जोडली, तर शेवटी लिहिणाऱ्याची यादी टिकते आणि दुसऱ्याची वस्तू हरवते. फोनवर निवडलेली वस्तू संगणकावर दिसावी, अशी अपेक्षा असेल तर यादी सर्व्हरवर आणि ग्राहकाच्या खात्याला जोडलेलीच हवी. निव्वळ ओळखक्रमांकाची कुकीसुद्धा एका ब्राउझरच्या बाहेर जात नाही, हे येथे विसरले जाते.

एखाद्या दुकानाची कार्ट कोणत्या प्रकारची आहे, हे ब्राउझरच्या डेव्हलपर साधनांतील कुकींची यादी उघडून बऱ्याच अंशी ठरवता येते. कार्टमध्ये एकेक वस्तू टाकत जावे आणि कुकीची लांबी पाहावी. ती वस्तूंबरोबर वाढत असेल तर पिशवी कुकीत आहे. लांबी स्थिर असेल तर बहुधा बिल्ला आहे. केवळ मजकूर बदलला म्हणून निष्कर्ष काढू नये, कारण वूकॉमर्ससारखी ऑनलाइन दुकान चालवणारी प्रणाली यादी सर्व्हरवर ठेवूनही कार्ट बदलल्याची खूण म्हणून एक छोटी कुकी दर वेळी नव्याने लिहिते.