प्रीकास्ट म्हणजे गळकं? मुळीच नाही
‘प्रीकास्ट, म्हणजे कारखान्यात ओतून जागेवर आणून जोडलेलं मॅनहोल किंवा टाकी जोडांतून गळणारच, जागेवर ओतलेलंच पक्कं,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. जागेवरच्या कामातही आजचं काँक्रीट संपून उद्याचं सुरू होतं तिथे सांधा पडतोच, आणि तोही नीट केला नाही तर पाझरतो. उलट कारखान्यात पोलादी साचा आणि मोजून घातलेलं पाणी असतं, त्यामुळे काँक्रीट घट्ट येतं.

खरा कस लागतो जोडाच्या डिझाइनचा. मॅनहोल एकावर एक ठेवलेल्या काँक्रीटच्या रिंगांचं बनतं. दोन रिंगांमधल्या खोबणीत रबरी गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी पट्टी असते. ती दाबली गेली की पाणी अडतं. खोबणीत थोडी वाळू राहिली तरी तिथून झिरपतं, म्हणून गॅस्केट बसवण्याआधी खोबण पुसायलाच हवी.

भूजल वर असेल तर रिकामी टाकी होडीसारखी उचलली जाते. हे हमखास विसरतात! तसं होऊ नये म्हणून तळाचा स्लॅब भिंतीच्या बाहेरपर्यंत वाढवतात. त्यावरची माती टाकीला दाबून धरते.