जागलीवरची जवारी

"जवारी गेली आहे, लावून आणावी लागेल," मी म्हणालो.

मोठेबाबांनी मान वर केली. "आता कायची जवारी लावतं बे? पेरणीले दोन महिने आहेत. आन् हायब्रीड का गावरानी?"

मी सतारीबद्दल बोलत होतो. नागपूरला बीएस्सी करताना घेतलेली जुनी सतार उन्हाळ्याच्या सुटीत घरी आणली होती आणि तिचा आवाज बसला होता. आमच्या दारव्ह्याकडे ज्वारीला जवारीच म्हणतात, त्यामुळे त्यांचं काही चुकलं नव्हतं. गंमत अशी की सतारीची त्यांची ओळख माझ्यापेक्षा जुनी, आणि ती झाली होती जवारीच्या जागलीवरच.

दाणा भरू लागला की रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, वावरात उतरतात. मग रात्रभर मचाणावर बसायचं, मधून मधून हाकारा घालायचा, डबा बडवायचा. मोठेबाबांच्या मचाणाच्या खांबाला ट्रान्झिस्टर टांगलेला असे. सेल उतरले की दिवसभर उन्हात ठेवायचे, म्हणजे आणखी एक-दोन रात्री निघत. शनिवारी रात्री आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागे. तो १९५२ पासून चालू होता. "सतारीनं डुकर पळत नाही," ते सांगायचे, "तबला सुरू झाला का पळते." याची शास्त्रीय तपासणी मी केलेली नाही.

रागांची नावं त्यांना येत नव्हती. पण सतार लागली की त्यांच्याकडे पाहण्यासारखं असे. तळहातावर तंबाखू घोटणारा अंगठा मींड सुरू झाली की थांबायचा. तार ताणली जातेय, सूर वर चढतोय, तोवर अंगठा जागच्या जागी. सूर ठिकाणावर पोचला की घोटणं पुन्हा सुरू. भौतिकशास्त्र शिकायला लागल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो या अंगठ्याचा नव्हे, त्या ट्रान्झिस्टरचा. मीडियम वेव्हवरून साधारण साडेचार हजार हर्ट्झच्या वरचा आवाज येतच नाही, आणि तळहाताएवढ्या स्पीकरला खालचे, खर्जाचे सूर झेपत नाहीत. दोन्ही टोकं कापलेली. तरी सतार सतारच कशी राहते?

उत्तर जवारीत आहे. सतारीच्या भोपळ्यावर तारा जिच्यावर टेकतात ती घोडी असते, ती व्हायोलिनच्या घोडीसारखी धारदार नसते. ती रुंद असते आणि तिची वरची बाजू अगदी किंचित उतरती, गोलसर घासलेली असते. पूर्वी ती सांबरशिंगाची असे, आता उंटाच्या हाडाची किंवा कृत्रिम पदार्थाचीही करतात. तार छेडली की ती या उतारावर टेकते आणि सुटते, पुन्हा टेकते, पुन्हा सुटते. एका कंपनात तारेची लांबी बारीकशी बदलत राहते. त्या टेकण्या-सुटण्यातून तारेतली ऊर्जा खालच्या सुरातून वरच्या उपस्वरांकडे, म्हणजे त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांच्या सुरांकडे, सरकत जाते आणि 'झ्यांव' असा तो भरलेला, सरकता नाद उमटतो. वाजवून वाजवून तार घोडीत घर करते, उतार बिघडतो आणि आवाज मुका होतो. मग मिरजेच्या सतारमेकरसारखा कानसेन कारागीर कानशीने घोडी घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. हेच जवारी लावणं. केसाएवढं जास्त घासलं गेलं तर काम पहिल्यापासून.

याकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिलं ते चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. जुना नियम असा की तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू, म्हणजे तार न हलणारी जागा, असेल, ते उपस्वर ऐकूच येणार नाहीत. तार बरोबर मध्ये छेडली तर दुसरा, चौथा, सहावा उपस्वर गायब. तंबोरा आणि वीणा यांच्या बाबतीत मात्र हे गायब व्हायला हवेत ते उपस्वरही ठणठणीत ऐकू येतात, असं रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं आणि त्याचं कारण घोडीच्या रुंद, वक्र पृष्ठात शोधलं. नोबेल त्यांना नऊ वर्षांनी मिळालं, प्रकाशावरच्या कामाला. आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं, पण १९१० मध्ये हेच रामन सरकारी हिशेबखात्याच्या नोकरीत नागपूरला होते. वर्षही पुरं झालं नाही, बदली होऊन कलकत्त्याला गेले.

आता ट्रान्झिस्टरकडे येऊ. सतारीची खर्जाची तार सेकंदाला साधारण ६९ कंपनं करते. तेवढा खालचा सूर त्या स्पीकरमधून निघतच नाही. पण तिचे उपस्वर निघतात: २०७, २७६, ३४५ आणि पुढे. जवारीमुळे तर ते भरघोस असतात. या सगळ्यांमधलं अंतर एकच, ६९. मेंदू हे अंतर ओळखतो आणि न आलेला सूर 'ऐकतो'. फोनवर बापाचा आवाज बापासारखाच भारदस्त लागतो तोही असाच. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या घरात असतो, आणि जुन्या टेलिफोनची तार ३०० हर्ट्झच्या खालचं काही पोचवत नसे. मचाणावरचा खर्ज म्हणजे अर्धा सतारीचा आणि अर्धा मोठेबाबांच्या डोक्यातला.

रात्री दूरची स्टेशनंही लागायची. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो, अंधार पडला की तो विरतो आणि त्याच्याही वरच्या थरावरून लहरी परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. म्हणून आवाज मधूनच बुडायचा आणि परत यायचा. मोठेबाबांना ते वाऱ्यामुळे वाटे.

त्या सुटीत मी त्यांना तरफेच्या तारा दाखवल्या. पडद्यांच्या खालून जाणाऱ्या या अकरा ते तेरा बारीक तारा वादक सहसा छेडत नाही. एका तरफेवर कागदाचा नखाएवढा कपटा घडी घालून ठेवला आणि वरच्या तारेवर त्याच तरफेचा स्वर वाजवला. कपटा टुणकन उडाला. शेजारचा स्वर वाजवला, नवा कपटा ढिम्म. जुळलेल्या कंप्रतेला तार आपोआप डोलू लागते, याला अनुनाद म्हणतात. मोठीआई चुलीपाशून म्हणाली, "आमच्या फळीवरची परात नाही का झणझणत, भजनाचा ढोल वाजला का?" यापेक्षा बरं उदाहरण मला बीएस्सीच्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

राहिला अंगठा. सतारीची दांडी तीन-साडेतीन इंच रुंद आणि पडदे कमानीसारखे वाकवलेले, ते तार आडवी ओढता यावी म्हणून. सूर तारेच्या ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे चढतो. त्यामुळे एकाच पडद्यावर सा धरून तार ओढत पंचमापर्यंत न्यायची, म्हणजे सूर दीडपट करायचा, तर ताण सव्वादोन पट करावा लागतो, आणि तोही बोटाच्या टोकावर, ऐकत ऐकत. सतारवादक विलायत खाँ यांच्या गायकी अंगाच्या, म्हणजे गळ्यातून गायल्यासारख्या, वादनाचं मर्म या ओढण्यात होतं. सूर वाटेत असतो तेव्हा ऐकणाऱ्याला माहीत असतं की तो कुठे निघालाय.

नाव न कळता हे कसं कळतं? १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतीय आणि पाश्चात्त्य श्रोत्यांना दहा राग ऐकवले आणि मग एकेक स्वर वाजवून तो कितपत जुळतो ते विचारलं. रागसंगीत ज्यांच्या कानावरून गेलेलं नव्हतं त्यांनाही महत्त्वाचे स्वर बरेचसे उमगले. कोणता स्वर किती वेळ रेंगाळला याचा हिशेब कान परस्पर ठेवत असतो. मोठेबाबांच्या कानाने तर तो वीसेक हंगाम ठेवला होता, वर लहानपणापासूनचं भजन.

माँट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये आणखी पुढचं दाखवलं. संगीताने अंगावर काटा येणाऱ्या लोकांना त्यांनी आपापलं आवडतं संगीत आणायला सांगितलं आणि ऐकताना त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. काटा येतो त्या क्षणी सुखाशी जोडलेलं डोपामिन स्रवतं. पण त्याच्या काही सेकंद आधी, नुसती वाट पाहताना, मेंदूच्या वेगळ्या भागात ते स्रवायला लागलेलं असतं. अंगठा थांबायचा तो याच सेकंदांत, असं मला वाटतं. मोठेबाबांच्या डोक्याचं चित्रण कुणी केलेलं नाही, तेव्हा हा माझा अंदाज समजावा.

आता वावराभोवती सोलरचं झटका मशीन आहे, जागल सुटली. गेल्या दिवाळीत मी त्यांना मोबाइलवर काही रेकॉर्डिंग ऐकवली. स्पीकर ट्रान्झिस्टरच्याही पावपट. मघाच्या घोडीची एक गोष्ट त्यांना कधीतरी सांगितली होती: रविशंकरांची जवारी खुली, झणझणीत, विलायत खाँची बंद, गोळीबंद आवाजाची. नाव न सांगता एक आलाप लावला. तंबाखू आता डॉक्टरने बंद केली आहे, अंगठा नुसताच तळहातावर होता. मींड उतरली तशी ते म्हणाले, "हे बंदवाली आहे नं बे?"

विलायत खाँच होते.