नाणेपारख (कोकण किनारा)

जुने नाणे खरे की बनावट, ते कोणाचे व कुठल्या टाकसाळीचे, आणि किती झिजलेले, हे ठरवण्याच्या कामास नाणेपारख म्हणतात. मराठी अमदानीत सरकारी भरण्यातील नाणी पोतदार पारखत असे. गावगाड्यात सोनारकीही बहुधा त्याच्याकडेच असल्याचे मोल्सवर्थच्या कोशावरून दिसते. ‘पोतदार’ शब्दाचे मूळ फार्सी ‘फोतादार’ हे मानणेच योग्य वाटते. दगडावर आपटून नाद ऐकणे, कसोटीवर घासणे, संशय आल्यास छिन्नीचा घाव घालणे व झिजेप्रमाणे बट्टा कापणे ही त्याची साधने होत. पोतदाराचे लक्ष धातूवर. संग्राहकाला ठसा हवा असतो.

प्रत, म्हणजे नाणे किती चांगल्या स्थितीत आहे ते, लावण्याची हल्लीची अंकपद्धती १ ते ७० अशी आहे. विल्यम शेल्डन यांनी ती १९४९ मध्ये अमेरिकेच्या आरंभीच्या तांब्याच्या सेंटांपुरती मांडली होती. नाण्याला अंक देऊन ते प्लास्टिकच्या डबीत मोहोरबंद करणाऱ्या कंपन्या तेथे १९८० नंतरच्या दशकात वाढल्या, आणि ही पद्धत सर्व नाण्यांना लागू झाली. हाती ठोकलेल्या नाण्यांवर ती ताणूनच बसवावी लागते. कोकणातील लारी हे त्याचे ठळक उदाहरण होय.

लारी म्हणजे मधोमध दुमडलेली चांदीची जाड तार, वजन सु. ४.७ ते ४.९ ग्रॅम. नाव इराणमधील लार शहरावरून आले (मालदीवच्या चलनात ते अजून टिकून आहे). कोकणातील लाऱ्या मुख्यतः विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशाहाच्या (कार. १६५६–७२) असून एका अंगावर त्याचे नाव, तर दुसऱ्या अंगावरचा लेख सामान्यतः ‘जर्ब लारी दांगी सिक्का’ असा वाचतात. तार अरुंद असल्याने एका नगावर दोनतीन अक्षरेच उमटतात. त्यामुळे पूर्ण वाचन अनेक नग जुळवून सिद्ध झाले आहे. अक्षर दिसत नाही म्हणजे ते झिजले असे नव्हे. मुळात ते तारेवर पडलेलेच नसते. म्हणून पारखी तारेची कड व दुमडीचा बाक पाहतो. या लाऱ्या दाभोळच्या मानण्याची रूढी आहे. पण तिला लेखापेक्षा बंदराच्या व्यापाराचा आधार अधिक. १६६०–६१ च्या सुमारास दाभोळ शिवाजी महाराजांकडे गेले. तेव्हा हिजरी १०७१ (इ. स. १६६०–६१) नंतरचा सन असलेल्या नगावर दाभोळची चिठ्ठी लावताना हात आखडणे बरे. अंगावरील घाव मात्र दोष समजू नये. बहुधा ती जुन्या पारखीचीच खूण असते.

शिवराई या शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्यात ओतीव बनावट पुष्कळ. ओतीव नगाची अक्षरे साबणासारखी गुळगुळीत, मैदानात (अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत) टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे आणि कडेला कानशीने घासलेला सांधा असतो. अस्सल शिवराईचा ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा. म्हणून ‘श्री / राजा / शिव’ आणि ‘छत्र / पति’ या साऱ्या ओळी ठिपक्यांच्या वर्तुळासह नेटक्या बसल्या असतील तर नग पुन्हा पाहावा. ही नाणी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पडत होती. ‘शिव’, ‘सिव’ अशा लेखनभेदांवरून काळ ठरवण्याचे प्रयत्न झाले आहेत, मात्र केवळ तेवढ्यावर नाणे महाराजांच्या हयातीतले म्हणणे धाडसाचे. सोन्याचा होन दुर्मीळ व प्रतिकृती सर्रास, त्यामुळे तेथे वजन व विशिष्ट गुरुत्व आधी पाहतात.

किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तांब्यावर फिकट हिरवी भुकटी धरते. ती क्लोराइडाची असून पसरत जाते. देवघरातील नाणी लक्ष्मीपूजनाआधी चिंचेने किंवा आमसुलाने लखलखीत घासली जातात. अशाने शतकाची रापलेली झळाळी एका दुपारी जाते, आणि प्रमाणन कंपन्या अशा नगाला अंक न देता ‘साफ केलेले’ असा शेरा मारतात. कुंकवाचा थर मात्र पुष्कळदा ठसा राखतो.

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. साहजिकच परदेशी डबीचा मार्ग त्याला बंद आहे. जमिनीत सापडलेला साठा असल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे, मूल्य दहा रुपयांहून अधिक असेल तर, जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते.